आधी रेघ, मग अक्षर

लग्नानंतर वर्षभरातच हे घाटापलीकडे रेल्वेच्या कामावर गेले आणि भिसेगावच्या घरात आम्ही तिघं उरलो: सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांनी तरुणपणी खोताकडे लिखापढी केलेली, त्यामुळे मुलाला पत्र तेच लिहीत, मोडीत. शेवटी दाराआडून मला विचारत, "तुजं काय लिवायचं हाय का गं?" आता सासऱ्याच्या हातून बायको नवऱ्याला काय कळवणार? "गाय व्याली," मी म्हणायची. मला स्वतः लिहायला शिकायचं होतं ते एवढ्यासाठीच, आणि तसं मी सासूला सांगून टाकलं. तिने ते सासऱ्यांच्या कानावर घातलं. ते हसले आणि तयार झाले.

पण शिकवणार कसं? अक्षर शिकवायचं तर हात धरून गिरवून घ्यावं लागतं, आणि सून तर सासऱ्यासमोर यायचीसुद्धा नाही. मग ते ओटीवर बसून, फळीवर धूळ पसरून अक्षरं काढत आणि फळी उंबऱ्यावरून आत सरकवत. मी आत बसून तशीच अक्षरं काढायची आणि फळी बाहेर सरकवायची. मला वाटायचं, गड जिंकला.

एक दिवस बाहेरून आवाज आला, "रेघ मागनं काढतेस काय गं?"

मी चाटच पडले. पण धूळ काही लपवत नाही. माझी रेघ अक्षरांची डोकी छाटत गेली होती. आधी भिंती, मग छप्पर, असा माझा हिशेब. मोडीत उलटं: आधी रेघ पार कडेपर्यंत ओढायची, मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं सोडत जायची. नुसतं तयार अक्षर पाहून हे नवख्याला कसं कळणार? मला रडूच आलं. असं उलटंसुलटं शिकून माझं पत्र कधी जायचं होतं?

सासू भाजी निवडत होती. "पडवळाला आदी मांडव लागतो, मंग ते लोंबतं. त्यात रडायसारखं काय हाय?" असं म्हणत ती उठली आणि थेट उंबऱ्यावर बसली, जिथे कधी बसू नये म्हणतात. बाहेरच्या अंगाला तिने सासऱ्यांपुढे हात केला. त्यांनी तो धरून धुळीत गिरवलं. मग ती आत वळली आणि तिने तोच हात माझ्या हातावर ठेवून तसंच गिरवून घेतलं. रोज दुपारी हाच उद्योग. "म्हातारपनी माजा हात धरताय, लोक हसतील," असं ती सासऱ्यांवर कुरकुरायची, पण एक दुपार चुकवली नाही.

भात झोडून झालं तेव्हा सासऱ्यांनी कोरा कागद आणि बोरू आत पाठवला. मी रेघ ओढणार, तोच सासूने बोरू काढून घेतला.

"तुजा नवरा थांबल जरा. आदी मला माज्या पोराला लिवू दे."

तिने रेघ ओढली, वाकडी, पण पार कागदाच्या कडेपर्यंत. तिच्याखाली एकच अक्षर काढलं: ये. मग बोरू माझ्या हातात दिला आणि मला मोकळेपणी लिहिता यावं म्हणून पाठ फिरवून बसली. मनात केवढं तरी साठलं होतं. तिच्या अक्षराशेजारी, त्याच रेघेखाली, मीही एकच अक्षर लिहिलं: या.

शिमग्याला हे घरी आले.