मागच्या स्पीकरचा आवाज

दादाने चंद्रपूरहून होम थिएटर आणलं आणि आमच्या घरात नाकापेक्षा मोती जड झाला. पाच स्पीकर, वर वूफरचा डबा, आणि हे सगळं ठेवायचं कुठे, तर वीज केंद्राच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरच्या हॉलमध्ये. त्या हॉलला भिंती कमी आणि दारं जास्त. एक बाहेरचं, एक स्वयंपाकघराचं, एक झोपायच्या खोलीचं. उरलेल्या भिंतीत सिमेंटचं कपाट आणि त्याच्यासमोर दिवाण. ज्याने हा नकाशा काढला त्याला महिनाभर तिथे राहायला लावायला हवं होतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

पुढचे तीन स्पीकर टीव्हीच्या आजूबाजूला कसेबसे मावले. मागचा उजवा दादाने कपाटावर चढवला. मागचा डावा मात्र कुठेच बसेना. दिवाणावर ठेवला की कोणीतरी त्याला टेकायचं, दाराशी ठेवला की पाय लागायचा. शेवटी जागा उरली ती खिडकीत. ही खिडकी प्लांटच्या बाजूची, तिच्यातून राख यायची. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी करडं व्हायचं. म्हणून स्पीकर खिडकीत बसला की खिडकी बंद ठेवायची, असा दादाने हुकूम काढला.

"खिडकी बंद नाई होत," आई म्हणाली.

"काऊन? नवी वस्तू आहे, राखेनं खराब होईन ना."

"तुझे बाबा ड्युटीवर असले की ते खिडकी उघडीच राह्यते."

बाबा बॉयलरवर ऑपरेटर होते. प्लांटची घुर्र रात्रंदिवस चालू असायची, आणि आम्ही तिच्यातच वाढलो असल्यामुळे ती आम्हाला ऐकूच येत नसे. आईला येत असे. पोळ्या लाटताना मध्येच तिचं लाटणं थांबायचं, मान खिडकीकडे वळायची आणि मग पुन्हा लाटणं सुरू व्हायचं. आम्हाला ती तिची खोड वाटे. बाबांना तर ठाऊकही नव्हती, कारण ते घरी असले की ती असं करतच नसे.

दादा हट्टाला पेटला. आई त्याच्याशी बोलेनाशी झाली, त्याचं ताट माझ्या हाती देऊ लागली. दोघांच्या मध्ये मी, आणि दोघांचीही बोलणी मलाच. रविवारी बाबा पहिल्या पाळीला गेले. दादाने मित्रांना सिनेमाला बोलावून ठेवलंच होतं. त्याने आईकडे न बघता खिडकी लावली, कडी घातली, पडदा ओढला. आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली.

खरं तर तो खिडकीतला स्पीकर मुका होता. दारांना वळसा घालता घालता त्याची वायर तोकडी पडली होती आणि दिवाणाखाली नुसतीच लोंबत होती. दादाने तो शोभेला ठेवला होता. हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. "सोमवारी वायर आणतो, तू चूप राह्य," असं त्याने मला बजावलं होतं.

सिनेमा लढाईचा होता. वूफरने दिवाण हादरत होता, मित्र खूश होते. मध्येच मागून वाफेचा प्रचंड सुसाटा आला आणि वाढतच गेला. एकाने वळून खिडकीकडे पाहिलं.

"भाऊ, मागचा स्पीकर तं जबरदस्त आहे," तो म्हणाला.

दादा हसला. मग त्याचं हसू जागीच थिजलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी दिवाणाखालच्या वायरकडे. त्याने घाईघाईने रिमोट दाबला. पडद्यावरचे सैनिक होते तसे थांबले. सुसाटा थांबला नाही.

मित्रही वसाहतीतलेच, सगळे एका क्षणात उठून उभे राहिले. आई दारात होती, हाताला पीठ.

"कव्हापासून चालू आहे?"

ती दादासमोर येऊन उभी राहिली.

"आधी घुर्र पातळ झाली का आधी धडाम झालं?"

धडाम तर मघापासून शंभरदा झालं होतं, सिनेमात.

"आधी घुर्र पातळ झाली अन् मग वाफ सुटली, तं नुसतं युनिट ट्रिप होऊन बंद पडलं. आधी धडाम झालं, तं काहीतरी फुटलं," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळेच माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मले सुरुवात ऐकू आली नाई रे."

तिने कडी काढली. खिडकी उघडली तसा आवाज अंगावर आला. दादा शेजारच्यांच्या फोनवरून कंट्रोल रूमला लावत राहिला, लाइन व्यस्त. पाळी सुटल्यावर कंपनीची बस आली, तिच्यातून बाबा उतरले नाहीत. उतरलेल्यांपैकी एकाला मी विचारलं, तर तो म्हणाला, "येतीन ना बाई," आणि थांबलाच नाही. मला त्याचा इतका राग आला की त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. मित्र चपला घालून निघून गेले. आई खिडकीशी उभी राहिली. आवाज केव्हाच थांबला होता, तरी ती ऐकतच होती.

ऊन कलल्यावर बाबा कोणाच्या तरी मोटारसायकलवर आले. राखेने माखलेले, पण चालत आले. मी रडले. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"काही नाई," बाबा बूट काढत नेहमीसारखे म्हणाले. "ट्रिप होतं. जेवाले वाढा."

आई हलली नाही. "तुम्ही नेहमी काही नाई म्हणता. मी ऐकून घेते, कारण काय झालं ते मले इथी अगोदरच समजलेलं असते. आज समजलं नाई. आज खरं सांगा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपली बायको रोज कान लावून बसते, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं. ते तिथेच, दारात, जमिनीवर बसले.

"बॉयलरची ट्यूब फुटली," ते म्हणाले. "मी ड्युटीवर राह्यतो त्याच मजल्यावर. मी चहा प्यायले खाली उतरलो होतो."

"मंग?"

"मंग काय? पिऊन लगेच वर जाणार होतो." त्यांनी दुसरा बूट काढला. "चहा लय गरम होता."