वापरात नसलेली गोठण

कॉलनीची स्मरणिका निघणार आहे म्हणे. परवा कमिटीची दोन मुलं (मुलं कसली, पन्नाशी उलटलीय) येऊन सांगून गेली, "काकू, तुम्ही सगळ्यांत जुन्या, इतिहास तुम्हीच लिहा." वर पहिलं वाक्यही आयतं देऊन गेली: 'येथे पूर्वी ओसाड माळ होता.' माझं डोकंच फिरलं. अरे, ओसाड होता हे सांगितलं कुणी तुम्हाला?

मी लग्न होऊन इथं आले एकाहत्तर साली. नगर संपून पाथर्डीचा रस्ता सुरू होतो तिथं जुनी वाडी, वाडीला खेटून आमची नवी कॉलनी, आणि दोन्हींच्या मधे गोठण. म्हणजे वाडीची गुरं सकाळी जमायची ती जागा. बायका आपापली गुरं तिथं आणून सोडायच्या, सगळी जमली की म्हातारा गुराखी ती डोंगराकडं चारायला न्यायचा. गोठणीवरच्या शेणावर हक्क त्याचा. गोवऱ्या विकून आणि घरटी मिळणाऱ्या जोंधळ्यावर त्याचं घर चालायचं. दुपारी तिथंच दोन्हीकडच्या बायकांची वाळवणं, संध्याकाळी पोरांचा विटीदांडू. जागा कुणाची, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या कॉलनीला मात्र चैन पडेना. सगळे कारकून नाहीतर मास्तर. दर रविवारी आमच्या ओसरीवर कमिटी बसायची, कारण अध्यक्ष माझे सासरे, आणि चहा करायला मी होतेच. विषय ठरलेला: शेणाचा वास, माश्या, आणि तिथं बाग केली तर काय बहार येईल! बागेतल्या बाकांना रंग हिरवा द्यायचा की निळा, यावर या लोकांनी तीन रविवार वाद घातला. बाक नव्हते, बाग नव्हती, जागासुद्धा यांची नव्हती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. वाडीतली काही गुरं तिसगावच्या बाजारात मातीमोल गेली, उरलेली छावणीत. गोठण रिकामी झाली. गुराखी तरी रोज सकाळी यायचा. काठी हनुवटीखाली टेकवून गोठणीच्या मधोमध उभा राहायचा, आणि ऊन चढलं की दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तो दिसायचा. खरं सांगते, रागच यायचा. गुरं नाहीत, काही नाही, उभा कशाला राहतो हा माणूस!

कमिटीला तेवढंच हवं होतं. "हीच वेळ आहे," सासरे म्हणाले. बागेसाठी जागा मागणारा, मामलेदार कचेरीला द्यायचा अर्ज त्यांनी तयार केला आणि स्वच्छ प्रत काढायला माझ्यापुढं ठेवला. मी वाडीच्या शाळेत शिकवायचे, अक्षर माझं बरं. लिहिता लिहिता एका ओळीशी थांबले: 'सदर जागा पडीक असून कोणाच्याही वापरात नाही.'

"मामंजी, पाऊस पडला की गुरं परत येतील ना?"

"सूनबाई, वापरात आहे म्हटलं तर जागा देईल कोण? अहो, ती नुसती अर्जाची भाषा असते."

आणि मी लिहिलं. चांगलं वळणदार लिहिलं.

पुढच्या पावसाळ्यात गुरं आली. थोडीच, हाडं वर आलेली. म्हातारा एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होता. आठवडा झाला नाही तोच कचेरीची माणसं आली आणि गोठणीवर फक्कीच्या रेघा मारून गेली. त्यांना धान्याच्या गोदामासाठी पडीक जागा हवीच होती, आणि आम्ही ती लेखी दिली होती. तेलही गेलं, तूपही गेलं!

झालं, लगेच बैठक. दुसरा अर्ज: 'सदर जागा पिढ्यानपिढ्या गुरांच्या वापरात आहे.' त्याच तोंडांनी, बरं का! आणि पुन्हा माझंच अक्षर. साक्षीला गुराख्याचा अंगठा हवा, म्हणून त्याला ओसरीवर बोलावलं. कॉलनी झाल्यापासून पहिल्यांदा. सतरंजी सोडून तो कडेला उकिडवा बसला. मी नवा अर्ज वाचून दाखवला.

"व्हय, खरं हाय," तो म्हणाला. मग शेजारी पडलेल्या पहिल्या अर्जाच्या नकलेकडं त्यानं बोट केलं. "आन ह्यो?"

"तो जुना. त्याचं काही नाही," सासरे घाईनं म्हणाले.

"पन अक्षार एकच हाय की. बाईंचं. आमच्या नातीच्या पाटीवर कित्ता आसतोय, ह्येच वळान. मला वाचता येत न्हाई, पन रोज बघतोय ना. वाचा की, बाई."

मी वाचलं. पडीक. कोणाच्याही वापरात नाही. माझाच आवाज मला ऐकवेना.

म्हातारा म्हणाला, "ढोरं न्हवती, त्ये खरं. पन मी हुतो की."

"अहो, ती नुसती भाषा असते," सासरे म्हणाले.

"आसंल, सायेब. पन मी रोज हुतो." आणि माझ्याकडं बघून, अगदी साधेपणानं, "बाईंनी बघितलंय. खिडकीतनं."

त्यानं अंगठा दिला, शाई पागोट्याखाली केसांना पुसली आणि निघून गेला. एक शिवी तरी द्यायची! तीही दिली नाही.

दुसरा अर्ज पहिल्या अर्जाचा हवाला देऊन परत आला. गोदाम झालं. गुरं रस्त्याच्या कडेला जमू लागली, पुढं जमायचीच थांबली. म्हातारा शेवटी नातीला घेऊन सुनेच्या माहेरी, राहात्याकडं गेला.

तर इतिहास हवाय ना तुम्हाला? देते. ओसाड माळाचं ते वाक्य मी एकदा लिहिलंय, पुन्हा लिहिणार नाही. पहिलं वाक्य असं घाला: इथं एक माणूस रोज सकाळी उभा असायचा, आणि मी त्याला बघितलं होतं.