गुडविल, एक नग

उन्हाळ्यातली ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझी पत्नी गेल्या हिवाळ्यात गेली. पोलिसी हकिकती तिला आवडत नसत. ही एक मात्र ती पाहुण्यांसमोर मला पुन्हा पुन्हा सांगायला लावी. म्हणून आधी हीच लिहायला घेतली आहे.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एक तरुणी उभी होती आणि आमचे हवालदार तिची तक्रार उतरवून घेत होते.

"काय चोरीला गेलं?"

"गुडविल."

"किती नग?"

मी कागद मागवला. त्यावर खरोखरच 'गुडविल, एक नग, रंग माहीत नाही' असे लिहिले होते.

तिला आत बोलावले. कन्नडकडची धनगराची मुलगी, आयटीआयमध्ये एसी-फ्रिजचे काम शिकलेली. शहरातल्या एका जुन्या मिस्त्रीचे कूलर-एसी दुरुस्तीचे दुकान तिने विकत घेतले होते. मिस्त्रीला सगळे चाचा म्हणत. तिने मूल्यांकनाचा कागद माझ्यापुढे ठेवला. शिड्या, गॅसच्या टाक्या, व्हॅक्यूम पंप, सुटे भाग, या सगळ्याची मिळून जी किंमत, तिच्या तिप्पट 'गुडविल' या एका ओळीची. म्हणजे दुकानाचे नाव आणि बांधलेली गिऱ्हाइके.

"या ओळीसाठी बापानं निम्मी मेंढरं इकली, साहेब. अन् फोनच वाजत नाय. एप्रिल असाच गेला. मे गेला की पावसाळा, मग कूलरवाल्याला कोण इचारतंय? दुकानाला कुलूपच लावायचं."

तिचा संशय सरळ होता. चाचांनी दुकान विकले आणि गिऱ्हाइके स्वतःकडेच ठेवली. 'दिवाणी बाब' असा शेरा मारून मला अर्ज निकाली काढता आला असता. पण त्या मेंढरांनी माझा हात अडवला. मी प्राथमिक चौकशी सुरू केली.

दोनच दिवसांत खबर आली. दुकानाची बरीच जुनी गिऱ्हाइके बजाजनगरात होती आणि तिथे टपरी चालवणारा माझा एक खबऱ्या होता. तो म्हणाला, "साहेब, तुमचे चाचा रोज सकाळी येतात. खांद्याला हत्यारांची पिशवी. काल तीन घरं केली त्यांनी."

संशय खरा ठरत होता. मी दोघांनाही ठाण्यात बोलावले. मुलीला बाहेरच्या बाकावर बसवले आणि चाचांचा जबाब घ्यायला लागलो. खोटे बोलायला आलेला माणूस सहसा खुर्चीच्या कडेवर बसतो. चाचा ऐसपैस बसले आणि आधी माझीच तब्येत विचारली.

"चाचा, दुकान विकलंत ना?"

"व्हय साहेब. सही हाय माझी."

"मग बजाजनगरात काय करता?"

"लोकं घरी येतात. कुणाकडं बाळंतीण हाय, कुणाची म्हातारी गरमीनं तळमळती. ना कसं म्हणू?"

"त्यांच्याकडून काय घेता?"

चाचांनी मान तिरकी केली. मला वाटले, सापडले. पण चाचांचे कान माझ्या मागच्या कूलरकडे होते.

"साहेब, पंप लई रडतोय तुमचा. दो मिनट."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी जाळी काढली होती. पंपावर साचलेला क्षार खरवडला, पॅडचे गवत सारखे केले, हवालदारांना बादलीभर पाणी आणायला लावले. गार हवेचा झोत असा सुटला की समोरच्या कोठडीतल्या दोघा आरोपींनीही "वा चाचा!" म्हणून दाद दिली.

मी सवयीने खिशात हात घातला. "किती झाले?"

चाचांनी कानाला हात लावला. "तौबा! धंदा पोरीला विकला. आता एक रुपाया जरी घेतला तरी हराम."

"म्हणजे बजाजनगरातसुद्धा..."

"कुणाकडूनच नाय घेत. चहा पितो फकत."

मुलगी दारात येऊन उभी होती. "अहो चाचा! तुम्ही फुकट करताय म्हणूनच मला कुणी बोलवत नाय!"

चाचा तिच्याकडे पाहतच राहिले. "या अल्ला! पैसे नाय घेतले म्हंजे मी इमान राखतोय, असं वाटलं मला."

ती रागाने काही बोलायला गेली आणि तिला हसूच फुटले. मग हवालदारही हसले, आणि मीही.

तोडगा कायद्याच्या पुस्तकातला नव्हता. बोलावणे येईल त्या घरी दोघांनी मिळून जायचे. काम तिने करायचे, पैसे तिने घ्यायचे.

"चहा मात्र माझा," चाचा म्हणाले.

"चहा तुमचा, बिस्किटं पण तुमची. पाना-पक्कड माझी."

त्याच संध्याकाळी चाचांनी स्कूटर काढली. मागे ती, मांडीवर हत्यारांची पिशवी.

फसवणुकीच्या अर्जात फायदा कोणाचा झाला हे आधी पाहावे, असे मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगे. इथे कोणाचाच झाला नव्हता, आणि तेच मला दिसले नव्हते. विकणाऱ्याला आपण काय विकले असे वाटते, हे विचारण्याची सवय मला या प्रकरणाने लावली. मूल्यांकनाच्या कागदावरची ती ओळ बरोबरच होती. चाचांना फक्त ती घरोघर नेऊन मुलीच्या हवाली करायची होती.

मे महिन्याच्या मध्यावर माझ्या घरचा कूलर बिघडला. मी दुकानात फोन लावला.

"चार दिवस थांबावं लागंल. लई नंबर हायेत."

"अहो, मी ठाण्यातून साहेब बोलतोय."

"वळखलं की साहेब. म्हणून तर चार सांगितले. बाकीच्यांना आठ सांगते."