दुसऱ्या कप्प्याचा काढा

"जनावर बोलत न्हाई, पण खोटंबी बोलत न्हाई." लिंबाजीचं हे वाक्य शेडवर आलेल्या एकूण एक माणसाच्या कानावरून गेलेलं होतं. परभणीबाहेर, पिंगळीच्या रस्त्याला, डुकरांवर लशी तपासायची ही शेड. लिंबाजी तिथं बावीस वर्षं रोजंदारीवर. यंदा कायम केल्याचा कागद निघेल, असं तिथल्या डॉक्टर पंकजा मॅडम म्हणाल्या होत्या.

या खेपेची लस डुकरांच्या छातीत बसणाऱ्या विषाणूवरची होती. एका कप्प्यातल्या आठ पिल्लांना लस, दुसऱ्यातल्या आठांना नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांनाच विषाणू द्यायचा आणि कोण तरतं ते बघायचं. लिंबाजीनं झाडलोट करायची, ठरलेलं खाणंच घालायचं, आणि सकाळी दारात उकिडवं बसून पाटीवर खोकल्याच्या रेघा ओढायच्या.

दुसऱ्या कप्प्याच्या रेघा वाढत गेल्या. पिल्लं बरगड्या आत ओढून श्वास घ्यायची, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकून पडायची. बावीस वर्षं ऐकलेला खोकला त्या आठवड्यात मात्र त्याला ऐकवेना. तो घरून ओवा-हळद-गुळाचा काढा डब्यात आणून त्या आठांना गुपचूप पाजू लागला.

"नातवाला पडसं झालं तवा दुकानातली गोळी आणलीत," त्याची बायको सुमनबाई चुलीपाशी म्हणाली. "अन् डुकरांना काढा! मी खोकल्यावर काय देणार?"

"लय बोलू नको. गूळ घाल."

पिल्लं खायला लागली. रेघा कमी झाल्या. रेघा मात्र त्यानं खऱ्याच ओढल्या.

एका दुपारी मॅडम वजनाची वही मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. "लिंबाजीमामा, या लशीमागं तीन वर्षं गेली. लस दिलेली, न दिलेली, दोन्हीकडची पिल्लं सारखीच. लस कुचकामी म्हणून लिहून टाकते."

लिंबाजीनं झाडू भिंतीला टेकवला. गप्प बसला असता तर कागद निघाला असता.

"तुमची लस खोटी न्हाई, मॅडम. मी खोटा हाय." आणि त्यानं काढ्याचं सगळं सांगितलं.

मॅडमनी वही मिटली. "मग हे सगळं पुन्हा करावं लागेल."

"म्हंजे नवी पिल्लं?"

"सोळा."

"त्यातली आठ पुन्यांदा खोकणार?"

"हो, मामा."

तो खाली बसला. दया केली ती आठांवर, आणि तिचं ओझं दुसऱ्याच आठांच्या छातीवर जाणार होतं.

"मला वर कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी. कागदाचं मग..."

"कळवा. तुमी तरी खोटं लिहू नका."

"आणि खोकला मोजायला?"

"दुसरा बघा. ऐकूनबी ज्याला झोप लागती, असा."

डबा काखेत मारून तो पिंगळीच्या रस्त्याला लागला, पाय ओढत. काढ्याची वेळ झाली होती. दुसऱ्या कप्प्यातली आठही पिल्लं जाळीला नाकं लावून उभी होती, आणि त्यांच्यामागं मॅडम. तो डबा बाभळींआड जाईपर्यंत सगळी तिकडंच बघत होती.