म्हाळसाबाईचा कान

एका घंटीपायी हैदराबाद गाठणाऱ्या माणसाला शहाणा कोण म्हणेल? पेडगावच्या बिरू धनगराला गाव येडाच म्हणालं. म्हणेना का! त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही गेला असता.

झालं असं, की पूर्णेच्या पुरात त्याची म्होरकी मेंढी, चांदी, गळ्यातल्या घंटीसकट वाहून गेली. बिरूची आई म्हाळसाबाई आंधळी. दिवेलागणीला ती घंटी वाजली, की कळप घरी आल्याचं तिला कळायचं. आता ती विचारी, "आली का रं मेंढरं?" बिरू हो म्हणे, पण म्हातारीला पटत नसे. घास तिच्या घशाखाली उतरेना.

बिरूनं जिंतूरचा बाजार धुंडाळला. तसला आवाज कुठंच सापडला नाही. मग शाळेचे विष्णुपंत मास्तर बदलीच्या अर्जासाठी हैदराबादला निघाले, तसा तोही गाडीत बसला. मास्तर म्हणाले, "दर गुरुवारी तिथं जुमेरात बाजार भरतो. तिथं नाही, ते जगात नाही."

अन् बाजार तरी केवढा! बिरूचे पायच थांबले. नवाबी झुंबरं, मोडकी घड्याळं, जोडी हरवलेले बूट, कुलपांविना किल्ल्या. निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याचं सगळं घर जणू कुणी इथं झाडून टाकलं होतं. माणसानं एवढ्या वस्तू केल्या तरी कधी, हेच बिरूला उमगेना. छाती दडपली त्याची.

एका म्हाताऱ्यापुढं घंट्यांचा ढीग होता. हत्तीच्या, देवळाच्या, टांग्याच्या. बिरूनं एकेक वाजवली. सगळ्या फार खणखणीत. मग त्याच्या ध्यानात आलं, चांदीच्या गळ्यातली घंटी लोकरीत दबून वाजायची. त्यानं खांद्यावरची घोंगडी मानेभोवती गुंडाळली, तिच्यावर घंटी बांधली आणि वाकून मेंढीच्या चालीनं भर बाजारात चालू लागला.

"क्या मियाँ, घंटी लेते की मेंढा बनते?" म्हातारा म्हणाला. लोक पोट धरून हसले. बिरूला त्याचं काय! सातवी घंटी वाजली अन् तो जागीच थबकला. तीच. डोळे भरून आले त्याचे.

गावी येऊन त्यानं ती चांदीच्या लेकीच्या गळ्यात बांधली. आईला चकार शब्द सांगितला नाही. दिवेलागणीला कळप आला, घंटी वाजली. म्हाळसाबाईनं मान वर केली.

"घंटी दुसरी हाय," ती म्हणाली.

बिरूचं तोंड उतरलं. एवढं हैदराबाद पालथं घातलं, ते सगळं पाण्यात गेलं.

"पन चाल चांदीचीच हाय. तिची लेक म्होरं घातलीस न्हवं?"

जुमेरात बाजारातही त्याची छाती एवढी दडपली नव्हती.

"वाढ भाकर," म्हातारी म्हणाली. "मेंढरं घरी आली."