नाव घालू की नंबर

किस्से जमवावे लागत नाहीत. एक हट्टी साहेब असला की पुरे. आमचे साहेब तर एकटे चार ऑफिसांना पुरले असते.

सोलापुरात एका चादरींच्या दुकानावर आमचं ऑफिस. काम वधूवर वेबसाइट चालवायचं. प्रत्येक स्थळाचं एक पान. त्या पानाच्या पत्त्यात शेवटी युजरनेम घालायचं की नंबर, यावर आमच्याकडे जेवढी भांडणं झाली, तेवढी लग्नंही जमली नाहीत.

*

साहेब आधी नावाच्या बाजूचे. "माणसाला नंबर द्यायला हे काय जेल आहे?" झालं, मुलांनी कॉलेजात असतानाची नावं टाकली. माळशिरसच्या एका शिक्षकाचा पत्ता 'डेंजरबॉय'वर संपायचा. मुलीच्या वडिलांचा फोन आला, "मास्तर लई गरीब सभावाचा हाय म्हनता, मग वर हे काय लिवलंय?"

साहेबांनी त्यांना तासभर टेक्नॉलॉजी समजावली. स्थळ गेलं.

*

मग साहेबांनी नाव बदलायची सोय दिली. मी म्हटलं, सोडलेलं नाव दुसऱ्याला देऊ नका, जुनी लिंक व्हॉट्सॲपवर फिरतच असते. "तू फार निगेटिव्ह आहेस," साहेब म्हणाले.

वेळापूरच्या एका काकांनी पुतणीची लिंक सगळ्या पाहुण्यांना पाठवली होती. तिने 'सोनू' सोडून दुसरं नाव घेतलं. 'सोनू' लगेच एका मिशीवाल्या बिजवराने उचललं. काकांचा आवाज रडवेला झाला होता. "सायेब, पावनं इचारत्यात, पोरगी हीच का?"

*

त्यानंतर साहेब नंबरवाले झाले, आणि नंबरचा शोध आपणच लावल्यासारखे वागायला लागले. एकपासून ओळीने नंबर! मी म्हटलं, ओळीने नको, कुणीही आकडा बदलून पुढचं पान उघडेल. आणि एक नंबरवर तुमचंच टेस्टिंगचं स्थळ आहे, ते तरी काढा.

साइट सुरू करताना त्यांनी स्वतःचा फोटो टाकला होता, 'अविवाहित'वर टिक केली होती आणि अपेक्षांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'शांत, कमी बोलणारी'.

"आकडे बदलत बसायला लोक रिकामे नाहीत," साहेब टेबलावर पाय ठेवून म्हणाले. अक्कल वाटायची वेळ आली की त्यांचे पाय टेबलावर जायचे.

दोनच दिवसांनी एका आत्याबाईंचा फोन. "दोनशे सातपतूर समदी बगितली. दोनशे आठ उगडंना, बगा की जरा."

दोनशे आठवं स्थळ अजून आलंच नव्हतं.

*

साहेबांच्या धाकट्या मेहुणीचं लग्न जमवायचं होतं. "ते माझ्याच साइटवर जमणार," असं साहेबांनी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. सासरे कुर्डुवाडीचे, रेल्वेतून रिटायर झालेले. कुठलंही काम मधूनच सुरू करणं त्यांना जमायचं नाही.

त्यांचा फोन आला तेव्हा साहेबांनी मुद्दाम स्पीकर लावला. सासऱ्यांनी केलेलं कौतुक आम्हालाही ऐकू यायला हवं होतं.

"जावईबापू, तुमी म्हनला तशी साइट उगडली, आन एकपासनं बगाय सुरवात केली."

साहेबांचे पाय टेबलावरून खाली आले.

"फुडं जायाची गरजच पडली न्हाय. थोरलीला बी लिंक धाडली की. ती म्हनली, धाकटीच्या आदी मीच बगून येती. रिक्षात बसलीया, पोचंल आता तुमच्याकडं."