चिंचोक्यांचा कॉम्प्युटर

मुंबईत शिकताना एका संस्थेत मी कॉम्प्युटर पाहिला होता. खोलीभर नुसती कपाटं. साठच्या दशकात नंदुरबारच्या शाळेत गणित शिकवू लागले, तेव्हा नववीच्या मुली सारख्या विचारायच्या, ते यंत्र आतून चालतं कसं? शेवटी म्हटलं, आपणच कॉम्प्युटर होऊ आणि विज्ञान प्रदर्शनात उभ्या राहू.

काही मुली यंत्राची स्मृती झाल्या. प्रत्येकीकडे एक वाटी. वाटीतले चिंचोके म्हणजे संख्या. ब्राह्मणपुरीची एक मुलगी हिशेब करणारी. फळ्यावरचा हुकूम वाचून सांगितलेल्या वाटीतली संख्या तिनं आपल्या सुपात मिळवायची. आठाला सातानं गुणायचं, तर आठची वाटी सात वेळा मिळवायची.

"उत्तर?"

"आठ," ती म्हणाली.

पुन्हा केलं, पुन्हा आठच. बाकीच्या हसल्या. ती रडवेली झाली. "मी बरोबरच करी ऱ्हायनी, बाई!"

तिच्या जागी दुसरीला बसवलं. तरी आठच. म्हणजे दोष मुलीत नव्हता. मग मीच सूप घेऊन बसले. आठ चिंचोके ओतून घेतले आणि पुढच्या हुकमाला हात पुढे केला.

वाटीवाली म्हणाली, "आते काय देऊ? मन्ही वाटी खाली शे. समदं तुम्हीच लई गयात."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुम्हीच सांगेल व्हतं, यंत्र बोलस नई."

मी खो खो हसत सुटले. खऱ्या यंत्रातही चुंबकाच्या बारीक कड्या वाचल्या की पुसल्या जातात, वाचलेलं लगेच परत लिहावं लागतं, असं मुंबईत आमचे सर सांगायचे. तेव्हा मी ते पाठ केलं होतं. समजलं ते आता, शाळेच्या व्हरांड्यात. चिंचोक्यांची टोपली मध्ये ठेवली आणि फळ्यावर नवा हुकूम लिहिला: वाटी रिकामी झाली की तितकेच चिंचोके परत भरा.

"छप्पन!" ब्राह्मणपुरीची मुलगी ओरडली, ते पार मैदानापर्यंत ऐकू गेलं असेल.

प्रदर्शनाला मिरचीबाजारातले व्यापारीही आले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "यात यंत्र कुठंय?"

"या मुलीच यंत्र, सर."

एका व्यापाऱ्यानं तेवीस गुणिले नऊ घातलं आणि स्वतः बोटांवर हिशेब सुरू केला. वाट्या रिकाम्या होत होत्या, भरत होत्या. सूप जड झालं.

"दोनशे सात!"

"बरोबर शे!" व्यापाऱ्यानं मांडीवर थाप मारली. मग जो तो आपला गुणाकार घालू लागला. मुलींना पाणी प्यायला सवड नव्हती, आणि एकही उत्तर चुकलं नाही. थोड्या वेळानं मुख्याध्यापकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, मुलींच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मलाही एक वाटी द्या."